सोसायट्यांच्या प्रश्नोत्तरांसाठी डिस्कोर्स: चांगलं, पण सेटिंग बदलून

घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमध्ये व्हॉट्सअॅपवर पुन्हा पुन्हा विचारलं जातं, डीम्ड कन्व्हेयन्सचा (बिल्डरने न दिलेली जमीन-इमारतीची मालकी सोसायटीच्या नावावर करून घेण्याचा) अर्ज कुठे करायचा? कोणीतरी उत्तर देतं (फॉर्म ७, जिल्हा उपनिबंधकांकडे) आणि संध्याकाळपर्यंत ते 'शुभ संध्याकाळ'च्या फुलांखाली गाडलं जातं. उत्तर टिकवायचं तर डिस्कोर्स, म्हणजे स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येणारं चर्चा-मंचाचं सॉफ्टवेअर, उत्तम. मुक्त सॉफ्टवेअर आहे, खर्च सर्व्हर, डोमेन आणि लागलाच तर मेल सेवेचा. चालवणाऱ्याने मात्र पहिल्या आठवड्यात थोडं डोकं घालायला हवं.

सर्व्हरला स्वॅपची (रॅम कमी पडली की वापरायच्या डिस्कवरच्या जागेची) जोड असेल तर किमान १ जीबी रॅम चालते, तरी २ जीबीच घ्या. अपडेटच्या वेळी १ जीबीवर धाप लागते. खरं घोडं अडतं ते मेलवर. खातं सुरू करायची लिंक मेलनेच जाते आणि बरेच क्लाउडवाले (सर्व्हर भाड्याने देणारे) मेल पाठवायचं दार, म्हणजे पोर्ट २५, बंद ठेवतात. मेल पाठवणारी वेगळी सेवा घेऊन पोर्ट ५८७ वापरा, डोमेनवर एसपीएफ आणि डीकेआयएमच्या (मेल खरंच तुमच्याकडूनच आल्याची खूण पटवणाऱ्या) नोंदी करा. नाहीतर लिंक स्पॅममध्ये पडते आणि माणूस 'तुमची साइट चालत नाही' म्हणून मोकळा होतो.

यातली सगळ्यात शहाणी सोय म्हणजे बूटस्ट्रॅप मोड. पहिले ५० सदस्य होईपर्यंत येणाऱ्याला थेट विश्वास पातळी १ मिळते (पातळी जितकी वरची तितकी सदस्याला मोकळीक जास्त) आणि घडामोडींचा गोषवारा रोज मेलवर जातो. पन्नाशी झाली की ही सवलत संपते. त्यानंतरचा नवा माणूस पातळी ० वर, एका पोस्टमध्ये एकच फोटो. गॅसचं बिल पुढून-मागून टाकायला गेला की अडला. वर चढायला ५ विषय उघडून, ३० पोस्ट आणि एकूण १० मिनिटं वाचायला हवं. नळाला पाणी नाही म्हणून आलेला माणूस एवढा थांबेल कशाला? नव्या सदस्याची फोटोमर्यादा ३ करून टाका. शीर्षकाला किमान १५ अक्षरांची अट मात्र राहू द्या. 'टँकर कधी?' नाकारलं गेलं की 'दहा हजार लिटरचा टँकर कितीला पडतो?' असा शोधता येईल असा प्रश्न येतो.

मराठी शीर्षकाच्या लिंकमध्ये मूळ सेटिंगला नुसतं 'टॉपिक' दिसतं. 'एन्कोडेड' केलं तर व्हॉट्सअॅपवर टक्क्यांच्या चिन्हांची हातभर शेपटी येते. मूळ सेटिंगच ठेवा, प्रीव्ह्यूमध्ये शीर्षक दिसतंच.

विभाग तीनच: पाणी-वीज-गॅस, कायदा-हिशेब, दुरुस्ती. बारा विभाग काढले की अकरा ओस पडतात, आणि ओस जागी पहिलं कोणी बोलत नाही. आमंत्रणं पाठवण्याआधी जुन्या चॅटमधले पंधरा-वीस खरे प्रश्न उत्तरांसकट टाकून ठेवा. मग वेगवेगळ्या सोसायट्यांचे दहा-बारा सेक्रेटरी, खजिनदार आधी आत घ्या आणि 'या, सामील व्हा' न म्हणता प्रत्येकाला त्याच्या हातखंड्याचा एकेक प्रश्न नावानिशी द्या. पहिल्या दोन महिन्यांत नव्या माणसाच्या प्रश्नाला त्याच दिवशी उत्तर गेलं पाहिजे. उत्तर माहीत नसेल तर निदान कोणाला विचारलंय ते लिहा.

वाढ मुखपृष्ठाच्या लिंकने होत नाही. व्हॉट्सअॅपवर तोच प्रश्न आला की तयार उत्तराची लिंक टाका. वाचायला आलेल्यातले थोडे थांबतात. त्यासाठी वाचन लॉगिनविना खुलं हवं, नाहीतर गूगललाही काही दिसत नाही. पण थकबाकीदारांची यादी, फ्लॅट नंबर, फोन नंबर असलं काही खुल्या विभागात नको. त्याला कमिटीपुरता बंद विभाग करा.

आयफोनवर सूचना हव्या असतील तर आयओएस १६.४ किंवा पुढचं लागतं आणि साइट होम स्क्रीनवर जोडावी लागते. हे सांगितल्याशिवाय कोणी करत नाही, पहिल्याच स्वागत-पोस्टमध्ये लिहा.

एकाच इमारतीच्या चाळीस फ्लॅटना याची गरज नाही, त्यांचा ग्रुप बरा. नवी मुंबईत वाशी-नेरूळसारख्या एकाच नोडमधल्या (उपनगरातल्या) दहा-पंधरा सोसायट्या एकत्र येऊन सिडकोच्या हस्तांतर शुल्कासारखे तेच ते प्रश्न सोडवणार असतील, तर घ्याच.