ऑल रिस्क आणि वर्कमेन पॉलिसी : दहा महिने वापरल्यावर

जून 2023 ते मार्च 2024 या काळात कराडजवळच्या एका दुमजली बंगल्याच्या कामावर माझ्या दोन पॉलिसी होत्या. मी ठेकेदार. बांधकामाच्या नुकसानीसाठी कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क, कामावर माणसांना इजा झाली तर भरपाईसाठी वर्कमेन कॉम्पेन्सेशन. दोन्हींवर क्लेम करायची वेळ आली. पैसे मिळाले, पण धरले होते त्यापेक्षा कमी.

ऑल रिस्कचं आधी सांगतो. माझा ठेका 38 लाखांचा. सिमेंट आणि सळई मालकाची, 22 लाखांची. विम्याच्या रकमेत मी 38 लाखच लिहिले, कारण माझं बिल तेवढंच होणार होतं. सप्टेंबरात एका रात्री वादळी पाऊस झाला आणि पहिल्या मजल्याची ओली भिंत सेंटरिंगवर कोसळली. सर्व्हेअरने 1,80,000 चं नुकसान काही खळखळ न करता मान्य केलं. मग त्याने पॉलिसीतली अट दाखवली : मालकाने पुरवलेला माल धरून पूर्ण झालेल्या कामाची सगळी किंमत विम्यात हवी, कमी लिहिली तर भरपाईही त्याच प्रमाणात कमी. साठातले अडतीस, म्हणजे 1,14,000. त्यातून एक्सेसचे, म्हणजे प्रत्येक क्लेमला आपण स्वतः सोसायचे, 25,000 गेले. हातात 89,000. फॉर्म भरताना एजंटने सळई कोणाची एवढं विचारलं असतं तरी चाललं असतं. त्याचा राग अजून गेलेला नाही.

शेजाऱ्याच्या भिंतीला लागून पाया खोदायचा असेल तर थर्ड पार्टी कव्हरवर, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीसाठी असलेल्या भागावर, विसंबू नका. कंपनामुळे किंवा आधार सुटल्यामुळे होणारं नुकसान मूळ पॉलिसीत सहसा नसतं, त्यासाठी वेगळं एंडॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीला जोडलेलं वाढीव कलम, घ्यावं लागतं.

प्लास्टरच्या वेळी परांचीवरून एक पोरगा पडला, मनगट मोडलं. माणूस मुकादमाचा. पण तेव्हा लागू असलेल्या 1923 च्या भरपाई कायद्याचं कलम 12 सांगत होतं की काम पोटठेक्याने दिलं तरी कामगार मुख्य ठेकेदाराकडे भरपाई मागू शकतो. मुख्य ठेकेदाराने ती नंतर मुकादमाकडून वसूल करावी. मी पॉलिसीत मुकादमाची माणसं आधीच दाखवली होती म्हणून निभावलं. तरी विमा कंपनीचा माणूस मस्टरच्या (हजेरीपटाच्या) एका पानावर अडला. पोराचं नाव पानाच्या तळाशी, पेन्सिलने लिहिलेलं, पुढे अंगठा नाही. त्या एका ओळीपायी सहा आठवडे गेले, आणि तेवढे दिवस त्याच्या घरी पगार नव्हता. मी उचल दिली, पण ते त्याचे हक्काचे पैसे होते. दवाखान्याचा खर्च कायद्याने आपल्यावरच असतो, पॉलिसीतून मात्र मेडिकल ॲड-ऑन (जोडीला घेतलेलं वाढीव कव्हर) असेल तरच मिळतो. माझं ॲड-ऑन 25,000 चं, बिल 41,000 चं. वरचे मी भरले.

साइटवर दहा माणसं झाली की तेव्हाच्या बांधकाम कामगार कायद्याखाली 60 दिवसांत नोंदणीचा अर्ज करावा लागायचा. मी वेळेत केला होता. क्लेमच्या वेळी ते प्रमाणपत्रही मागितलं. बांधकाम कामगार कल्याण मंडळाच्या नोंदणीसाठी माणसं 90 दिवस काम केल्याचा दाखला मागतात तेव्हा तो लगेच द्या. त्यावर त्यांच्या पोरांची शिष्यवृत्ती अवलंबून असते.

सार्वजनिक बांधकाम खात्याची कामं घेणाऱ्यांनी टेंडरमधलं विम्याचं कलम आधी वाचावं. तिथे राज्याच्या विमा संचालनालयाचीच पॉलिसी मागतात. बाहेरची घेतली तर ती धरत नाहीत आणि हप्ता बिलातून कापतात.

एप्रिलच्या नव्या कामाला त्याच दोन पॉलिसी घेतल्या आहेत. रक्कम मालकाच्या सळईसकट लिहिली, मेडिकल एक लाखाचं केलं. मस्टर आता पेनने भरतो, आणि संध्याकाळी अंगठे घेतल्याशिवाय साइट सोडत नाही.