पंचवीस हजारांची हिरवी फाइल

गोव्यात साखळीच्या बाजारात माझं झेरॉक्सचं दुकान. गावातल्या अर्ध्या लोकांचे ऑनलाइन फॉर्म मी भरते. आणि पोटच्या पोरीच्या मेडिकल ॲडमिशनची वेळ आली तेव्हा म्हापशाला जाऊन एका सल्लागाराला पंचवीस हजार मोजून आले. नवरा अजून हसतो.

ऑफिसचं नाव देत नाही. एसी गार, खुर्च्या मऊ, भिंतीवर पांढऱ्या कोटातल्या मुलांचे फोटो. पाचपैकी दोन स्टार देते, आणि ते दोन्ही काउंटरवरच्या मुलाचे. आत बसणाऱ्या सरांचा त्यात अर्धासुद्धा नाही.

आमच्या आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग दहावीच्या मार्कलिस्टवर ‘ओ’नं आणि जन्मदाखल्यावर ‘यू’नं. हा पोर्तुगीज काळापासूनचा घोळ गोव्यात घरोघरी सापडेल. मी रोज लोकांचे असे कागद हाताळते, पण घरचाच कागद नजरेतून सुटला. त्या मुलानं नेमकं तिथं बोट ठेवलं. ‘काकी, पर्वरीला ॲडमिशनच्या ऑफिसात कागद तपासताना अडवतील. आजच नोटरीकडून प्रतिज्ञापत्र करून घ्या.’ मामलेदारांकडचा रहिवासी दाखलाही त्यानंच रिझल्टच्या आधी काढायला लावला. मग सगळे कागद हिरव्या फाइलीत, प्लास्टिकच्या कप्प्यांत, ओळीनं. झेरॉक्स मात्र मी माझ्याच काढल्या. त्यांचा दर पानाला पाच रुपये!

आता सर. बायचे, म्हणजे माझ्या लेकीचे, नीटचे मार्क असे अडनिडे, की गोव्याच्या यादीत ती जीएमसीच्या, म्हणजे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजच्या, उंबरठ्याबाहेर आणि डेंटलच्या आत. अशा मुलीच्या आईला आधी काय सांगायला हवं? सरकारी कॉलेजांच्या १५ टक्के जागा दिल्लीहून एमसीसी, म्हणजे केंद्राची मेडिकल कौन्सेलिंग कमिटी, भरते, बाकीच्या ८५ टक्के राज्य भरतं. गोव्याच्या यादीत आपली मुलं फक्त गोव्याच्या मुलांशी स्पर्धा करतात, देशाच्या यादीत सगळ्या देशाशी. जिला गोव्याच्या यादीतून बांबोळी मिळत नाही, तिला देशाच्या यादीतून कारवार नि कोल्हापूर कुठून मिळणार? सरांनी मात्र कारवार, बेळगाव, मिरज, कोल्हापूर अशी चाळीसेक नावं भरून घेतली. नोंदणीचे हजार रुपये गेले, वर दहा हजार अनामत अडकली. हे गणित मला नंतर पर्वरीच्या रांगेत पेडण्याच्या एका बाबांनी पाच मिनिटांत समजावलं. वर्तमानपत्राच्या कडेला आकडे मांडून. फुकट.

सरांचा खरा जीव डीम्ड कॉलेजांत, म्हणजे खासगी अभिमत विद्यापीठांच्या महागड्या कॉलेजांत. फी वर्षाला वीस लाखांच्या घरात, शिवाय हॉस्टेल. ‘मॅडम, एमबीबीएस ते एमबीबीएस. कर्ज मिळतं.’ २०१८ला खाणी बंद पडल्या तेव्हा आमचा ट्रक अंगणात उभा होता आणि हप्ते चालू होते. कर्ज मिळतं ही मला काय बातमी झाली?

‘आणि डेंटल?’ बायनं विचारलं.

‘ते बॅकअप,’ सर म्हणाले. लॅपटॉपवरून डोळेसुद्धा उचलले नाहीत. आयुर्वेदाला तर एवढाही मान नव्हता. मोपा विमानतळाबरोबर डिसेंबर २०२२मध्ये ज्याचं उद्घाटन झालं ते धारगळचं आयुर्वेद संस्थान त्यांच्या यादीतच नव्हतं. सासूबाईंचे गुडघे घेऊन मी तिथं जाते, म्हणून मला ठाऊक.

राग आला तो पुढच्या गोष्टीचा. गोव्याच्या पहिल्या राउंडला बायला गोवा डेंटल लागलं. सर म्हणाले, ‘एमसीसीच्या दुसऱ्या राउंडला डीम्डपण भरून ठेवा. लागलं तर बघू.’ डीम्डची अनामत दोन लाख. पहिल्या राउंडला लागलेली जागा घेतली नाही तर काही जात नाही, पण दुसऱ्या राउंडला लागून घेतली नाही तर अनामत जप्त. रात्री दुकानाचं शटर ओढून मोबाइलवर एमसीसीचं माहितीपत्रक वाचत बसले तेव्हा हे कळलं. सकाळी फोन केला. ‘हो मॅडम, तसा नियम आहे.’ म्हणजे ‘बघू’ या शब्दाची किंमत दोन लाख!

ठरलं ते त्या ऑफिसात नाहीच. एका मंगळवारी बायला घेऊन बांबोळीला गेले आणि डेंटलच्या ओपीडीत माझ्याच दुखऱ्या दाढेचा केसपेपर काढला. कॉलेज बघायची ही युक्ती कुणालाही सांगेन. मी खुर्चीत आ वासून, तोंडात आरसा, आणि माझ्या डोक्यावरून बाय आणि ती इंटर्न पोरगी गप्पा मारताहेत. चार वर्षं अभ्यास, पाचवं इंटर्नशिपचं. पहिल्या वर्षी मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरावे लागतात, अनेकांना तिथंच रडू येतं. ‘हात चालतो का तुझा?’ तिनं विचारलं. चवथीच्या आधी मामाच्या चित्रशाळेत गणपतीची बोटं बायच कोरते. हे मला सांगायचं होतं, पण तोंडात कापूस. बाय नुसती हसली. परतीच्या बसमध्ये म्हणाली, ‘आई, डीम्डचं आता काढू नको.’

गोव्याच्या दुसऱ्या यादीत जीएमसीचा आकडा आमच्या अलीकडेच थांबला. त्या दिवशी ती जेवली नाही, हे लपवत नाही. आता स्वयंपाकघरात मेणाचा भुसा पडलेला असतो आणि तांदळाच्या डब्यावर एक दाढ सुकवल्यासारखी ठेवलेली असते. मेण सुकत नाही हे मी दोनदा सांगून पाहिलं.

सरांच्या ऑफिसातून अजून मेसेज येतात, डीम्डची शेवटची सीट म्हणून. माझ्या पंचवीस हजारांचं विचारलं तर म्हणाले, डीम्ड घेतलं असतं तर पाच हजार सूट होती.

त्या काउंटरवरच्या मुलाची कागदांची यादी मी दुकानाच्या काचेवर चिकटवली आहे. नीटवाल्या मुलांनी येऊन फोटो काढून न्यावा. झेरॉक्स पानाला दोन रुपये.