बाळ आणि कुत्रा एकाच घरात: फाटक, दोरी, पिंजरा की दुसरं घर?

माहेरी बाळंतपण झालं की बाळ स्वतःच्या घरी येतं ते बहुधा तीन-चार महिन्यांचं होऊन. तोवर कुत्र्याच्या लेखी घरातलं एक माणूस नाहीसं झालेलं असतं, आणि परत येतं ते कडेवर रडणारं गाठोडं घेऊन. मग बाळाला पाजायला बसलं की कोपराखाली नाक खुपसणं, मांडीवर चढू पाहणं, दुपटी पळवणं, घरात मुतणं हे सगळं सुरू होतं. (मुतण्यासाठी आधी डॉक्टरकडून लघवी तपासून घ्या. दर वेळी कारण मनातलंच असतं असं नाही.) घरातले म्हणतात, जळतोय.

जळतही असेल. 2014 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेत 36 कुत्र्यांवर प्रयोग झाला. मालक भुंकणाऱ्या खेळण्यातल्या कुत्र्याचे लाड करू लागला की ही कुत्री मध्ये घुसायची, मालकाला ढकलायची. मालक पुस्तक वाचत बसला तर तेवढं करायची नाहीत. पण उपाय निवडताना नावापेक्षा एक हिशेब महत्त्वाचा: बाळ समोर असताना कुत्र्याला काय मिळतं? बहुतेक घरांत तो उलटा चालतो. बाळ झोपलं की कुत्र्याचे लाड, बाळ उठलं की "हट, बाहेर हो". आठवडाभरात कुत्रा शिकतो की हे जागं झालं की आपलं सुख संपलं. म्हणून पुढचा प्रत्येक पर्याय दोन कसांवर घासून पाहायचा. दात बाळापासून लांब राहतात का, आणि हा हिशेब सुलटा करता येतो का?

फाटक

दारात बसवायचं जाळीचं किंवा गजांचं फाटक दोन्ही कसांवर उतरतं, म्हणून आमचं पहिलं मत त्यालाच. कुत्र्याला बाळ दिसतं, वास येतो, आवाज येतो, पण पोचता येत नाही. बंद दाराआड त्याला बाळ दिसतच नाही. तिथे फक्त दार खरवडणं होतं.

बाजारातली दाबून बसणारी फाटकं साधारण 75 ते 85 सेंमी दारासाठी असतात. बेडरूमची दारं कित्येकदा तीन फुटी, म्हणजे 90 सेंमीच्या आसपास असतात, तेव्हा जोडपट्टी लागते. चौकटीच्या आतल्या बाजूने वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मापं घ्या. गुळगुळीत ग्रॅनाइटच्या चौकटीवर रबरी बुचं सरकू शकतात. तिथे स्क्रूने बसणारं फाटक घ्या किंवा फॅब्रिकेशनवाल्याकडून बनवून घ्या. बनवताना गज उभेच हवेत, कारण आडव्या गजांची शिडी होते, बाळालाही आणि कुत्र्यालाही. दोन गजांत 6 सेंमीपेक्षा जास्त फट नको. उंची 75 सेंमी असली तर लठ्ठ लॅब्रॅडॉर थांबेल, पण गावठी कुत्रा उभ्या उभ्या पार होईल. त्याच्यासाठी किमान मीटरभर हवी. दाबाच्या फाटकाला खाली आडवी पट्टी असते आणि रात्री आजी-आजोबांचा पाय तिथेच अडकतो. तिला चमकती चिकटपट्टी लावा.

फाटक नुसतं बसवून मात्र काही होत नाही. उकडलेल्या चिकनचे हरभऱ्याएवढे 20-25 तुकडे हाताशी ठेवा, मीठ-कांदा-मसाला काही न घातलेले. शाकाहारी घरात पनीर चालतं. बेदाणे नकोत, ते कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक असतात. बाळाच्या हातून सांडलेलेसुद्धा लगेच उचला. कुत्रा फाटकाआड, बाळ कोणाच्या तरी कडेवर दोन मीटर पलीकडे. बाळ दिसलं की दर तीन-चार सेकंदांनी एक तुकडा. बाळ आत गेलं की तुकडे बंद, तुम्हीही गप्प. तीन ते पाच मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. क्रम चुकवू नका: आधी बाळ, मग तुकडा. उलट केलंत तर तुकडा म्हणजे बाळ येण्याची सूचना ठरते आणि कुत्रा चिकनकडेच संशयाने पाहू लागतो. एरवी झडप घालणारा कुत्रा तुकडा घेत नसेल तर अंतर कमी पडलंय, मागे सरका. सगळं ठीक असेल तर दोन-तीन दिवसांनी वीतभर जवळ. रोजच्या खाण्याच्या दहाव्या हिश्श्यापलीकडे हा खाऊ जाऊ देऊ नका.

जमतंय हे कसं कळतं? बाळ रडलं की कुत्रा ताठ होण्याऐवजी ढिल्या अंगाने तुमच्याकडे वळून पाहतो: कुठाय माझं?

दोरी

हॉलला दारच नसेल, नुसती मोकळी कमान असेल, तर फाटक बसत नाही आणि गाडी दोरीवर येते. खर्च जवळजवळ नाही, पण गणित करा. सहा फुटी दोरी आणि पुढे कुत्र्याच्या अंगाची लांबी धरली तर दहा बाय पंधराच्या हॉलमध्ये बाळाला सुरक्षित कोपरा फारसा उरत नाही. तीन-चार फूट पुरे, तीही गळ्यातल्या पट्ट्याला नव्हे तर छातीभोवती बसणाऱ्या हार्नेसला, आणि दुसरं टोक जड पलंगाच्या पायाला. प्लॅस्टिकच्या खुर्चीला बांधलेली दोरी ही सजावट असते. बांधलेल्या कुत्र्याला मागे हटता येत नाही. रांगतं बाळ त्याच्या वर्तुळात शिरलं तर त्याच्याकडे दातच उरतात. म्हणून दोरी फक्त मोठं माणूस शेजारी बसलेलं असताना, पंधरा-वीस मिनिटं. तुकड्यांचा नेम तोच. सात ते दहा महिन्यांत बाळ रांगू लागलं की दोरीवर विसंबणं थांबवा.

पिंजरा

ज्या कुत्र्याला पिंजऱ्यात आपणहून झोपायची सवय आहे त्याला तो हक्काची खोली वाटतो. बाळ घरी आल्यावर पहिल्यांदा कोंडलेल्याला तो शिक्षा वाटतो. सवय लावायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणजे ते काम माहेरपणाच्या काळातच उरकायचं. उभं राहून वळता आलं पाहिजे एवढा मोठा हवा, आणि बाळाची बोटं जाळीत जाणार नाहीत अशा खोलीत. फाटकाला जोड म्हणून उत्तम, एकटा पुरेसा नाही. उन्हात तापलेल्या गॅलरीला मात्र पिंजऱ्याचा पर्याय समजू नका.

ट्रेनर की डॉक्टर?

कुत्रा नुसता मध्ये घुसत असेल, भुंकत असेल, तर वर सांगितलेलं घरीच जमतं. बाळाकडे पाहून गुरगुरत असेल तर आधी प्राण्यांचा डॉक्टर, कारण कान किंवा सांधे दुखत असले तर कुत्र्याला रडणं आणि धक्के सोसवत नाहीत. मग ट्रेनर. चोक चेन, काट्यांचा पट्टा किंवा शॉक कॉलर पिशवीतून काढणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. बाळ समोर असताना मान आवळली गेली तर कुत्रा ती कळ बाळाच्याच खात्यावर मांडतो. फार धास्तावलेल्या कुत्र्याला डॉक्टर फ्लुऑक्सेटिनसारखं औषध देतात. त्याचा गुण दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, तेव्हा बाळ रांगायची वाट पाहत बसू नका.

गुरगुरण्यापूर्वी बरंच काही दिसतं: झोप नसताना जांभई, ओठांवरून फिरणारी जीभ, मान वळवलेली पण डोळा बाळावर आणि त्याची पांढरी कड उघडी, मग तोंड मिटून अंग थिजणं. या शेवटच्या क्षणी बाळाला उचला. गुरगुरलं म्हणून ओरडू नका. तो गुरगुरणं सोडेल आणि पुढच्या वेळी न सांगता चावेल. दात लागलेच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच दवाखान्यात जा, कुत्र्याची लस झालेली असली तरी.

दुसरं घर

बाळ यायच्या दिवशी कुत्र्याला महिन्यासाठी होस्टेलवर पाठवणं सोपं वाटतं, पण तो परततो तेव्हा त्याच्या जागी बाळ असतं आणि शिकवणी शून्यापासून सुरू होते. कायमचं दुसरं घर हा वेगळा निर्णय. बाळाला एकदा चावलाय, घरात फाटक बसत नाही, आणि लक्ष ठेवायला दिवसभर एकच दमलेलं माणूस आहे, अशा घरात तोच बरोबर असतो, आणि त्यात लाज नाही. पण "गावी सोडला" म्हणजे दुसरं घर नव्हे. पाळलेला प्राणी वाऱ्यावर सोडणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. लहान मुलं नसलेलं घर शोधा. देताना लसीकरणाचं पुस्तक, पंधरा दिवसांचं नेहमीचं खाणं आणि त्याची अंथरायची चादर न धुता द्या, आणि तो चावला होता हे पहिल्या फोनवरच सांगा.