सीसीआरएन की सीईएन? गोव्यातून निवड करणाऱ्यांसाठी

एनसीएलईएक्स, म्हणजे अमेरिकेत नर्स होण्यासाठीची परीक्षा झाली, तिथल्या एखाद्या राज्याचं आरएन (नोंदणीकृत नर्स) लायसन्सही आलं, पण व्हिसाची तारीख काही पुढे सरकत नाही. म्हापशापासून मडगावपर्यंत असे ब्रदर-सिस्टर बरेच आहेत. या मधल्या काळात नावापुढे एखादं सर्टिफिकेशन जोडावं असं वाटलं, की प्रश्न बहुधा दोघांपाशी येऊन थांबतो : आयसीयूवाल्यांचं सीसीआरएन की कॅज्युअल्टीवाल्यांचं सीईएन. मी दोन्हींचा अभ्यास केला आणि परीक्षा सीईएनची दिली.

सीसीआरएनचं वजन मोठं आहे, हे आधी मान्य करतो. त्याचा अभ्यास करताना आर्टेरियल लाइनची (धमनीत नळी घालून सतत रक्तदाब मोजण्याची) वेव्हफॉर्म वाचायची सवय लागते. चपटी झालेली वेव्ह दिसली की आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी हात आपोआप ट्यूबिंगमधला बुडबुडा शोधू लागतो. हे शिक्षण कुठल्याही आयसीयूत उपयोगी पडतं, परीक्षा द्या वा न द्या.

माझं घोडं अडलं ते तासांवर. सीसीआरएनला गेल्या दोन वर्षांत १,७५० तास अत्यवस्थ रुग्णांची थेट शुश्रूषा लागते, त्यातले ८७५ अलीकडच्या वर्षातले. (पाच वर्षांत २,००० तासांचा दुसराही मार्ग आहे.) आठ तासांची ड्युटी धरली तर २१९ पाळ्या. आकडा काही फार नाही. पण आपल्याकडे स्टाफ कमी पडला की आयसीयूतला माणूस उचलून डायलिसिसला, तिथून पोस्ट-ऑपला. रोस्टर दर आठवड्याला बदलतं आणि जुनं रोस्टर कोणी जपून ठेवत नाही. मी अनुभवाचं प्रमाणपत्र मागितलं तेव्हा त्यावर फक्त ‘स्टाफ नर्स’ आणि रुजू झाल्याची तारीख आली. वॉर्डाचं नाव घालून द्या म्हटलं, तर ‘आमचा नमुना ठरलेला आहे’ असं उत्तर मिळालं. अर्जांमधून काही जणांचं ऑडिट होतं. आपला नंबर लागला तर काय दाखवणार? शिवाय अमेरिका-कॅनडाबाहेरचे तास धरायचे, तर रुग्णालय तिथल्या दर्जाचं असल्याचं दाखवावं लागतं, म्हणजे जेसीआय ही रुग्णालयांची आंतरराष्ट्रीय मान्यता किंवा मॅग्नेट हा नर्सिंगसाठीचा अमेरिकन दर्जा. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी असते ती एनएबीएच ही भारतीय मान्यता, आणि ती वेगळी.

सीईएनला तासांची अटच नाही. दोन वर्षांचा अनुभव असावा अशी शिफारस आहे, एवढंच. परीक्षा मात्र सोपी समजू नका. तीन तासांत १७५ प्रश्न, म्हणजे प्रश्नाला मिनिटभरच. सीसीआरएनला तेवढ्याच वेळात १५०. विषयही चहूकडे पसरलेले : छातीत दुखण्यापासून डोळ्यात केमिकल जाण्यापर्यंत, प्रसूतीपासून विषबाधेपर्यंत. ज्याने रात्री बाईक अपघात, दुपारी समुद्रात बुडता बुडता वाचवलेला पर्यटक आणि मध्येच साप चावलेला शेतकरी, असं सगळं एका टेबलावर पाहिलंय, त्याला हा पसारा परका वाटत नाही. मला तरी वाटला नाही. परका भाग म्हणजे गोचिडीपासून होणारा लाइम आणि रॉकी माउंटन ताप. आपल्याकडे ते सहसा दिसत नाहीत, तेवढं पाठ करावं लागतं.

नूतनीकरणातही माझा कल तिकडेच झुकतो. सीईएन चार वर्षं चालतं, पुढे १०० तासांचं सततशिक्षण किंवा पुन्हा परीक्षा. सीसीआरएन तीन वर्षं, आणि त्या काळात ४३२ तास अत्यवस्थ रुग्णांजवळच काढावे लागतात. व्हिसा लांबला आणि घरासाठी आखातात जनरल वॉर्डची नोकरी धरली, तर ते तास कुठून आणायचे?

अर्थात तुम्ही जेसीआय मान्यतेच्या रुग्णालयात, कायम आयसीयूत असाल आणि इन-चार्ज सिस्टर सही द्यायला तयार असतील, तर माझं ऐकू नका, सीसीआरएनच करा. आयसीयूच्या जागेसाठी मुलाखत घेणाऱ्याला ते जवळचं वाटणार. पण गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा म्हापशाच्या आझिलो रुग्णालयात कॅज्युअल्टीत रमलेल्या मुलामुलींनी केवळ नावासाठी तासांच्या मागे लागू नये, असं मला मनापासून वाटतं.

पास झाल्यावर नाव लिहिताना आधी पदवी, मग लायसन्स, मग सर्टिफिकेशन : बीएसएन, आरएन, सीईएन. बीएलएस, एसीएलएस ही जीवरक्षणाच्या छोट्या कोर्सची प्रमाणपत्रं नावापुढे लावायची नसतात. ती बायोडेटात खाली, वैधतेच्या तारखेसह लिहा.