‘पुढच्या महिन्यात नक्की’ : २९,४८० रुपये आणि न आलेलं यंत्र

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी हिशेब लिहितो. कुणाचं येणं किती दिवस थकलंय, कुठला व्यापारी ‘चेक टाकलाय’ म्हणाला म्हणजे टाकलेला नाही, हे मला फोनवरच्या आवाजावरून कळतं. वीस वर्षं हेच करतोय. तरी मी फसलो, आणि तेही एकदा नाही, दोनदा. तिसऱ्यांदा थोडक्यात वाचलो, ते आमच्या पोस्टमनमुळे.

संध्याकाळी मी कीबोर्ड वाजवतो. भजनी मंडळ, ऑर्केस्ट्रा, लग्नाची सुपारी, काहीही. २०२० साली सगळ्या सुपाऱ्या बंद पडल्या. स्टँडवरच्या कीबोर्डवर हिनं इस्त्रीचे कपडे ठेवायला सुरुवात केली. त्या रिकाम्या दिवसांत रात्र रात्र मोबाइलवर वाद्यांचे व्हिडिओ बघायचो, आणि तिथंच ते यंत्र दिसलं. दोन तळहातांएवढं. बोटानं बडवायचे सोळा पॅड. आपला आवाज किंवा ठेका त्यात भरायचा आणि तो फिरत ठेवायचा. बॅटरीवर आठ तास. पण माझा जीव अडकला तो वेगळ्याच गोष्टीत. त्यात प्रत्येक स्वर स्वतंत्रपणे किंचित चढवता-उतरवता येणार होता. माझ्या जुन्या कीबोर्डचे बारा स्वर जिथं ठोकलेत तिथंच राहतात. आमचे पखवाजवाले अण्णा दर एकादशीला ऐकवतात, ‘तुझा कोमल गांधार खालनं येत न्हाई बघ.’ आता येणार होता.

यंत्र दुकानात नव्हतं. एका परदेशी क्राउडफंडिंग मंचावर त्याचा प्रकल्प होता. हजार लोकांनी आधी पैसे भरायचे, त्यातून ते बनवायचं आणि मग घरपोच पाठवायचं. मला ते भिशीसारखं वाटलं. फरक इतकाच, की भिशी चालवणाऱ्याचं घर आपल्याला माहीत असतं. पळाला तर निदान त्याच्या दारात जाऊन बसता येतं.

फेब्रुवारी २०२१. ‘लवकर येणाऱ्यांसाठी’ २९९ डॉलर आणि पाठवणावळ ४५. बँकेचं परदेशी व्यवहाराचं शुल्क धरून २६,२२० रुपये. हिला सांगितलं, ऑगस्टमध्ये येतंय, गणपतीच्या आधी. घरखर्चाच्या वहीत ‘येणे’ या सदरात रक्कम टाकली.

ऑगस्ट गेला, गणपतीही गेले. ऑक्टोबरमध्ये लांबलचक मेल आली. जपानमधल्या चिपच्या कारखान्याला अचानक आग लागली, त्यामुळं उशीर होतोय, तुमच्या विश्वासाबद्दल ऋणी आहोत. मी शोधलं तर आग खरीच होती. असाही कासेई कंपनीचा नोबेओका इथला कारखाना जळाला होता. आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा पुन्हा आवाज करणाऱ्या चिप तिथं बनायच्या, त्यामुळं जगभरचे वाद्य आणि मिक्सर बनवणारे अडचणीत आले होते. बातमी खरी निघाली म्हणून माझं समाधान झालं. तारीख मात्र मी वाचली नाही. आग लागली २० ऑक्टोबर २०२० रोजी. यांनी आमच्याकडून पैसे घेतले त्यानंतर चार महिन्यांनी! म्हणजे चिप मिळणार नाहीत हे ठाऊक असताना ऑगस्टचा वायदा केला होता. अचानक लागलेली आग फक्त आमच्यासाठी अचानक होती. आमच्या कारखान्यात कुणी जुन्या तारखेचं बिल आणलं असतं, तर मी चष्मा लावून पहिल्यांदा तारीखच बघितली असती.

आता इथं एक गोष्ट न्यायानं सांगायला हवी. या धंद्यात उशीर ही नवलाची गोष्ट नाही. इथन मोलिक या अमेरिकन प्राध्यापकांनी किकस्टार्टर या अशाच एका मोठ्या क्राउडफंडिंग मंचावरच्या प्रकल्पांचा अभ्यास केलाय. त्यांच्या २०१४ सालच्या निबंधात पंचाहत्तर टक्क्यांहून जास्त प्रकल्प ठरल्यापेक्षा उशिरा पोचल्याचं दिसतं. पुढं २०१५ मध्ये सुमारे ४७ हजार पैसे भरणाऱ्यांना विचारून त्यांनी काढलेला आकडा असा की काहीच न देणारे प्रकल्प नऊ टक्के. म्हणजे प्रामाणिक माणूसही तिथं उशीर करतोच. साचा चुकतो, प्लास्टिक आकसतं, तपासणीचा दाखला अडकतो. त्या सगळ्या खऱ्या उशिरांच्या गर्दीत हे नऊ टक्के बेमालूम उभे असतात, आणि आपण त्यांनाही तोच चहा पाजतो.

२२ डिसेंबरला मेल आली, की खोकी बंदरात पोचली आहेत, जानेवारीच्या मध्यापर्यंत तुमच्या हातात. सोबत फोटो. मी तो फोटो आमच्या ऑक्टोपॅडवाल्या मित्राला दाखवला. तो म्हणाला, ‘काय बे, आलं म्हण की तुझं विमान!’ त्याला पेढे नाही, पण नवी पेठेत चहा-भजी दिली.

मग जानेवारी कोरडा गेला. फेब्रुवारीत कळलं की पहिली खेप तपासणीत नापास झाली, दुरुस्तीला परत गेली. एप्रिलमध्ये शांघाय बंद. तेही खरं होतं, शहर टाळेबंदीत होतं. शांघाय उघडल्यावर जूनमध्ये मी कार्डाच्या बँकेत गेलो. टेबलामागची मुलगी समंजस होती. तिनं विचारलं, ‘काका, माल कधी यायचा ठरला होता?’ मी म्हटलं, ऑगस्ट एकवीस. तिनं कॅल्क्युलेटर माझ्याकडं फिरवला. माल आला नाही म्हणून कार्डाचे पैसे परत मागायचे तर ठरलेल्या तारखेपासून १२० दिवस. ३१ ऑगस्टपासून १२० दिवस म्हणजे २९ डिसेंबर.

खोकी बंदरात पोचल्याची मेल आली होती २२ डिसेंबरला.

मी बँकेतून निघून सात रस्त्याच्या कोपऱ्यावर गाडी लावून उभा राहिलो. जूनचं ऊन, घामाच्या धारा. प्रत्येक मेलची तारीख मनात लावत होतो. ज्या ज्या वेळी लोक चिडायला लागले, त्या त्या वेळी एक गोड फोटो आलेला. चार महिने आम्हाला अंगाई गाऊन झोपवलं, मुदत टळली आणि मग सावकाश अंगाईही बंद झाली. ही मुदत कार्डागणिक, प्रकरणागणिक बदलत असेल, तुमच्या बँकेत विचारा. पण विचारायचं ते वायद्याचा दिवस उलटला त्याच आठवड्यात. वाट बघत का होईना, लेखी तक्रार टाकून ठेवायची. माल आला तर तक्रार मागं घेता येते. गेलेली तारीख मागं आणता येत नाही.

यानंतरही मी पुन्हा पैसे भरले. वाचताना हसू येईल, पण भरले. डिसेंबर २०२२ मध्ये मेल आली. समुद्रभाडं भडकलंय, प्रत्येकानं ३८ डॉलर जादा भरावेत, भरणाऱ्यांची खोकी आधी निघतील. माझ्याच टेबलावर त्या आठवड्यात कंटेनरच्या भाड्याचं बिल होतं. आमचे टॉवेल परदेशी जातात. २०२१ साली आकाशाला भिडलेलं भाडं २०२२ च्या अखेरीस धपकन खाली आलं होतं आणि मालक त्याच आनंदात होते. मी स्वतःच्या हातानं ते कमी झालेलं भाडं खतावणीत चढवलं आणि त्याच संध्याकाळी घरी बसून वाढलेल्या भाड्यापोटी ३,२६० रुपये भरले. सव्वीस हजार बुडू नयेत म्हणून तीन हजार टाकायचे. मटक्याच्या अड्ड्यावर याहून वेगळं काही होत नाही. वहीतलं ‘येणे’ झालं २९,४८०.

मार्च २०२३ नंतर मेल थांबल्या.

भारतातल्या आम्हा सात जणांचा तोवर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झाला होता. नागपूर, कोची, बेंगळुरू, असे कुठले कुठले. वाट बघणाऱ्या माणसांचे प्रकार तिथं कळले. एक जण शेवटपर्यंत त्या कंपनीची बाजू घ्यायचा; बिचारे प्रयत्न करतायत, शिव्या देऊ नका. त्याच्यावर आम्ही चिडायचो, पण त्यानं तीन नग बुक केले होते हे कळल्यावर कुणी बोललं नाही. एकानं दर ऑगस्टला केकचा फोटो टाकायचा रिवाज सुरू केला, यंत्राचा वाढदिवस. मी आणि कोचीचा गिटारवाला मात्र जुने फोटो काढून बसायचो. बंदरातल्या फोटोच्या आधी नोव्हेंबरात त्यांनी ‘जोडणी सुरू’ म्हणून हिरव्या सर्किट बोर्डाचा फोटो टाकला होता. तो मोठा करून बघितला. पॅडच्या जागा तीन ओळींत, ओळीला चार. बारा. यंत्र सोळा पॅडचं! दीड वर्ष तो फोटो माझ्या मोबाइलमध्ये होता, मी तो लोकांना कौतुकानं दाखवला होता, आणि एकदाही मोजलं नव्हतं.

मग मूळ व्हिडिओ लावला. ऑक्टोपॅडवाल्या मित्राला म्हटलं, तू बघ, मला आता काही दिसत नाही. त्यानं कानाला हेडफोन लावला, व्हिडिओचा वेग कमी केला आणि दुसऱ्याच मिनिटाला म्हणाला, ‘बोट पडायच्या आधी आवाज येतोय बे.’ त्याचं आयुष्य पॅड बडवण्यात गेलंय. माझंही कीबोर्ड बडवण्यात गेलंय, पण मी तेव्हा गांधार ऐकत होतो. यंत्राला आवाजाची तारही कुठं जोडलेली नव्हती. आधी रेकॉर्ड केलेल्या गाण्यावर एक रिकामी डबी हातात धरून बोटं नाचवली होती. किकस्टार्टरनं २०१२ सालीच ‘आम्ही दुकान नव्हे’ असं जाहीर करून यंत्रांच्या प्रकल्पांत संगणकावर रंगवलेली खरी भासणारी चित्रं दाखवायला मनाई केली होती. आज जे हातात आहे आणि चालतंय तेच दाखवा. मी पैसे भरले तो मंच दुसरा. पण वाद्य विकत घेताना तो नियम आपणच पाळायला काय हरकत होती? जुना कॅसिओ घेतानासुद्धा आपण सगळ्या पट्ट्या दाबून बघतो.

तिसरी गोष्ट सर्वांत नीच. मार्चनंतर दोन महिन्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर मराठीत निरोप आला. तुमचं पार्सल मुंबई कस्टममध्ये अडकलंय, ४,८५० रुपये भरा, नाहीतर परत जाईल. खाली माझं नाव, यंत्राचं नाव, सोलापूर. एवढी माहिती कस्टमशिवाय कुणाकडं असणार? होती, कारण मीच प्रकल्पाच्या पानावर उघड लिहिलं होतं, ‘सोलापूरहून अमुक, अजून वाट बघतोय.’ नंबर मिळवणं या लोकांना अवघड नसतं. माझा अंगठा पैसे पाठवायच्या बटणावर होता, तेवढ्यात दारात पोस्टमन आले, विम्याचं पत्र घेऊन. सहज विचारलं. ते म्हणाले, ‘परदेशी टपाल फॉरेन पोस्टातनं सुटून येतं साहेब. ड्युटी असली तर आम्ही दारात पावती देऊन घेतो. कस्टमवाला कधी मोबाइल नंबरवर पैसे मागतो का?’ निरोपातला नंबर कुणाच्या तरी खासगी खात्याचा होता. नंतर कळलं, की २०१९ च्या अखेरीपासून कस्टमच्या प्रत्येक अधिकृत पत्रावर एक ओळख क्रमांक असतो आणि तो त्यांच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. या निरोपावर तसलं काही नव्हतं.

आमच्या नागपूरकरानं भरले. त्याला लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या सरकारी क्रमांकावर, फोन करायला सांगितलं. तो क्रमांक पाठ करून ठेवा. पैसे गेल्या गेल्या तासाभरात केला तर समोरच्या खात्यात रक्कम गोठवली जाण्याची आशा असते. त्यानं दुसऱ्या दिवशी केला.

वकील मित्राकडंही गेलो होतो. २०१९ च्या ग्राहक कायद्याप्रमाणे मी राहतो तिथं, म्हणजे सोलापूरच्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत. पण समोरचा म्हणणार की हा गिऱ्हाईक नव्हे, हा प्रकल्पाला हातभार लावणारा. आणि नोटीस जाणार एका टपालपेटीच्या पत्त्यावर. मित्रानं अमेरिकेतलं उदाहरण सांगितलं. तिथं ग्राहकांची फसवणूक बघणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेनं २०१५ साली क्राउडफंडिंगमधली पहिली कारवाई केली. एका माणसानं खेळाचा पट बनवतो म्हणून सव्वा लाख डॉलरच्या आसपास जमवले आणि घरभाड्यासारख्या गोष्टींत उडवले. त्याच्यावर एक लाख अकरा हजार डॉलरचा आदेश झाला, आणि त्याची ऐपत नाही म्हणून वसुली स्थगित. मित्रानं फी घेतली नाही. तेवढी मात्र बचत झाली.

यंदा मार्चअखेरीला कारखान्याचं पुस्तक मिटवून रात्री घरची वही घेतली. ‘येणे’ या सदरातली २९,४८० ची ओळ पट्टी धरून खोडली आणि ‘बुडीत’खाली लिहिली. ही शेजारी शेंगा सोलत बसली होती. वाकून बघितलं आणि म्हणाली, ‘मग आता स्टँडवरचे कपडे काढू का?’