टाटा मेमोरियल, परळ : बायोप्सीच्या फेरतपासणीसाठी (रिव्ह्यू) पाच स्टार

माझा थोरला भाऊ, वय 36, आम्ही कराडकडचे. त्याची उजवीकडची खालची दाढ हलायला लागली, ती एका दवाखान्यात उपटली. एक्स-रे काढला नाही. जखम भरेना, उलट खड्ड्यातून मांस वर आलं. दोन महिने नुसत्या अँटिबायोटिक्स. एके सकाळी दाढी करताना दादा म्हणाला, "ओठाची ही बाजू माझी नाहीच असं वाटतंय गं." कीड नाही, पू नाही आणि तरी ओठ बधिर. ही धोक्याची खूण तेव्हाच ओळखायला हवी होती. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

दुसऱ्या डॉक्टरांनी ओपीजी, म्हणजे सगळ्या जबड्याचा एकच मोठा एक्स-रे, काढला. शेजारच्या दाताच्या मुळाभोवतीची काळी रेघ सगळीकडून सारखीच रुंद झालेली त्यांनी बोट ठेवून दाखवली, हीही संशयाची खूण. मग बायोप्सी. लॅबने लिहिलं, कूर्चेची साधी गाठ, म्हणजे कॅन्सर नाही. आईने देवापुढे साखर ठेवली. डॉक्टर मात्र म्हणाले, "जबड्यात अशी साधी गाठ फार फार क्वचित. टाटाला दाखवूनच या."

रिपोर्टची झेरॉक्स पुरत नाही. त्या लॅबकडे लेखी अर्ज करून आम्ही काचेच्या स्लाइड्स आणि मेणाचे ब्लॉक दोन्ही घेतले. ब्लॉक म्हणजे काढलेला तुकडा मेणात बसवलेली छोटी वडी. रात्रभर महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये तो डबा माझ्या मांडीवर होता. मुक्काम दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत.

टाटात ब्लॉकमधून नवे, आणखी आतले काप घेतले. त्यात कूर्चेच्या मधे गाठीच्या पेशी स्वतःच कच्चं हाड तयार करताना दिसल्या. तेवढ्यावरून नाव बदललं : कॉन्ड्रोब्लास्टिक ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाडाचा कॅन्सर. पहिला तुकडा वरवरचा, त्यात कूर्चाच जास्त आली होती. हा आजार मांडीच्या हाडात बहुतेक पोरसवदा वयात होतो, जबड्यात मात्र तिशी-चाळिशीत, हे तिथल्या डॉक्टर मॅडमनी आईला कागदावर चित्र काढून समजावलं. गर्दी एवढी, तरी आईचे तेच तेच प्रश्न त्यांनी तीनदा ऐकून घेतले. मी त्यांना कधीच विसरणार नाही.

पुढे छातीचा सीटी स्कॅन झाला, फुप्फुसं स्वच्छ निघाली. मग ऑपरेशन, गाठीबरोबर तिच्याभोवतीचं चांगलं हाडही काढलं. साध्या गाठीच्या हिशेबाने नुसतं खरवडलं असतं तर काय झालं असतं, हा विचार आला की आजही हात गार पडतात.

जाणाऱ्यांनी ओपीजी आणि सीटीची सीडी हातातल्या पिशवीतच ठेवा. आमच्याकडे स्लाइड्सच्या आधी त्याच मागितल्या, आणि दादाची ओपीजीची फिल्म नेमकी धर्मशाळेत राहिली होती. मी धावत जाऊन आणली.