फ्यूजरचा ड्राइव्ह गिअर बदलला, त्यानंतरचे काही महिने

ऑफिसच्या लेझर प्रिंटरमधला फ्यूजर, म्हणजे टोनरची पूड तापवून कागदावर पक्की बसवणारा भाग, फिरवणारा गिअर बदलून आता अर्धं वर्ष होत आलं. आवाज गेला, जॅम जवळजवळ थांबले, रोजचं काम बिनबोभाट चाललंय. पण नुसता गिअर बदलून भागलं असतं असं मला वाटत नाही.

लक्षणं अनेकांच्या ओळखीची असतील. सकाळी मशीन सुरू केलं की मागच्या बाजूने कटकट आवाज, जरा तापलं की कमी. पुढे कागद अडकायला लागले, तेही नेमके फ्यूजरच्या तोंडाशी, आणि बाहेर ओढावेत तर पेटीच्या भात्यासारख्या घड्या पडलेल्या. मागचे रोलर कागद ढकलत राहतात आणि गिअरचा दात सटकला की फ्यूजर क्षणभर थबकतो, मग कागद जाणार कुठे? जाड कागदाला आणि पाकिटांना हा त्रास जास्त, कारण त्यांची कड फ्यूजरमध्ये शिरताना मोटरवरचा भार एकदम वाढतो. अशा वेळी सर्रास पिकअप रोलर बदलला जातो. पण पिकअप रोलर गुळगुळीत झाला असेल तर कागद ट्रेमधून उचललाच जात नाही. निम्मी वाट चालून गेल्यावर त्याचा चुरगळा होत असेल, तर दोष पुढे शोधायचा.

जुना गिअर काढून उजेडात धरला तेव्हा सगळं स्पष्ट दिसलं. दातांची एक बाजू नव्यासारखी शाबूत आणि दुसरी खरवडल्यासारखी, टोकं पातळ झालेली. चाक जवळजवळ सगळा वेळ एकाच दिशेने जोर लावतं, म्हणून झीजही एकाच बाजूला. आजूबाजूला प्लास्टिकची पांढरी भुकटी जुन्या ग्रीसमध्ये कालवली जाऊन घट्ट झाली होती. अशी भुकटी पॉलिश पेपरचं काम करते, त्यामुळे शेजारची चाकंही पुसून घेतली.

आता मुद्द्याचं. गिअर झिजतो कारण त्याला ओढायला जड जातं. फ्यूजर बाहेर काढून त्याचं चाक हाताने फिरवून पाहिलं, तर ते अडखळत फिरत होतं. आतल्या फिल्मखालचं (कागदाला उष्णता देणाऱ्या पातळ फिरत्या नळीखालचं) ग्रीस सुकलं की असं होतं. म्हणून फ्यूजरही बदलला. तो तसाच ठेवला असता तर नव्या गिअरचीही तीच गत झाली असती.

कामाबद्दल थोडं. फ्यूजर चालताना साधारण 180 ते 200 अंश सेल्सिअसपर्यंत तापतो, तेव्हा प्लग काढून तो पूर्ण गार होऊ द्यायचा. कार्ट्रिज काढली की जाड कापडाखाली झाकून ठेवायची, तिच्यातल्या ड्रमला, म्हणजे छपाईची प्रतिमा जिच्यावर उमटते त्या नळीला, उजेड सोसत नाही. सांडलेला टोनर घरच्या व्हॅक्यूम क्लीनरने ओढू नका, इतकी बारीक पूड त्याच्या साध्या फिल्टरमधून पार होते. हाताला लागला तर गार पाण्याने धुवा, गरम पाण्याने तो चिकटतो. बाकी सगळा खेळ स्क्रूंचा. लांबी वेगवेगळी असते, आणि लांब स्क्रू आखूड भोकात पिळला की पलीकडचं प्लास्टिक तडकतं. ग्रीस प्लास्टिकला चालेल असंच घ्यायचं, तेही दातांवर पुसटसं.

कंपनीचा नसलेला गिअर घेतला होता. दातांच्या कडांवर साच्याचं उरलेलं बारीक प्लास्टिक होतं, ते ब्लेडने हलकेच काढावं लागलं. दांड्यावर मात्र तो डुगडुगला नाही, आणि घेताना पाहायची खरी गोष्ट तीच. मध्यंतरी झाकण उघडून पाहिलं तेव्हा दात चांगले होते आणि भुकटी नव्हती. जाड कागदही आता सरळ जातो.

एक आवाज राहिलाय. दोन्ही बाजूंनी छापताना कागद उलटा फिरतो त्या क्षणी एक टक् होतं. ते गिअरचं नाही, सोलेनॉइडचं (विजेच्या चुंबकाने हलणाऱ्या छोट्या खटक्याचं) आहे. त्यावरचा फोमचा तुकडा जुना होऊन चिकट झालाय. छपाईत अजून काही अडत नाही, त्यामुळे तो पुढच्या वेळी बाजूचं कव्हर काढेन तेव्हाच बदलणार.